अपडेटनंतर फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते. काय करावं?

सह्याद्रीचा_मास्तर

नमस्कार मंडळी. थोडी घाईची मदत हवी आहे.

फोन तीन वर्षांचा, ॲन्ड्रॉइड, बॅटरी ५००० एमएएचची. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल. आतापर्यंत सकाळी सातला पूर्ण चार्ज केला की रात्री झोपताना पंचवीस-तीस टक्के उरायची. गेल्या आठवड्यात ॲन्ड्रॉइडची नवी आवृत्ती आली, ती घेतली, आणि तेव्हापासून मधल्या सुट्टीत निम्मी संपलेली असते. शाळा सुटायच्या आत लाल रेघ. खिशात फोन कोमट लागतो, हातात न घेताही.

शाळा जिल्हा परिषदेची, वेल्ह्याकडच्या डोंगरात, द्विशिक्षकी. पोषण आहाराची नोंद, हजेरी, केंद्रप्रमुखांचे निरोप, पालकांचे फोन, सगळं याच एका फोनवर चालतं. पावसाळ्यात वीज गेली की दुसऱ्या दिवशीच येते. परवा एका पोराला ताप चढला, आई शेतावर, आणि माझ्या फोनला चार टक्के. म्हणून हा धागा.

ब्राइटनेस कमी केला, ब्लूटूथ आणि लोकेशन बंद केलं, फोन बंद करून चालू केला. फरक नाही. गावातला दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवा फोन घ्या. आठवड्यापूर्वी ठणठणीत असलेली बॅटरी अशी एका रात्रीत जाईल का? जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं का? फॅक्टरी रीसेट मारू का?

नीलमोहर

सर, आधी पॉवर बँक घ्या. बाकीचं नंतर बघू. त्या पोराचं कसं आहे आता?

सह्याद्रीचा_मास्तर

बरा आहे, कालपासून शाळेत येतोय. पॉवर बँक सहकारी शिक्षिकेची आहे, दोघांत एक वापरतो.

अभय_ठाणे

अपडेटनंतरचे पहिले काही दिवस सगळ्यांचेच असे जातात. फोन रीस्टार्ट झाला की आपल्याला वाटतं काम झालं, पण आत बरंच चालू असतं. ॲन्ड्रॉइड प्रत्येक ॲप नव्या सिस्टिमसाठी पुन्हा कंपाइल करतं, म्हणजे नव्याने जुळवून घेतं. फोटोंचं ॲप चेहरे आणि ठिकाणं नव्याने धुंडाळतं. प्ले स्टोअर एकामागून एक ॲप अपडेट करत बसतं. आयफोनवरही तेच, ॲपल तर स्वतःच सांगते की अपडेटनंतर शोधाची यादी नव्याने तयार होईपर्यंत बॅटरी आणि तापमानावर तात्पुरता परिणाम होतो.

यातली बरीच कामं फोन चार्जिंगला आणि निवांत असेल तेव्हाच चालतात. तेव्हा दोन-तीन रात्री फोन चार्जरला लावून, वायफायवर ठेवून, हात न लावता राहू द्या. तुमच्याकडे वायफाय नसेल तर ही कामं रेंगाळतात, हे लक्षात घ्या.

रानभूल

अभय यांच्याशी सहमत. पण आठवडा उलटून गेलाय, म्हणजे एवढंच कारण नसावं.

जुनाखेळाडू

स्पष्ट बोलतो. कंपन्या हे मुद्दाम करतात. तीन वर्षं झाली की अपडेट पाठवायचं, फोन रडायला लागला की गिऱ्हाईक नवीन फोन घेतं. ॲपलने २०१७ मध्ये कबूल केलंच होतं. दुकानदाराने तुम्हाला खरं तेच सांगितलंय, फक्त कारण चुकीचं दिलं.

एडिसनकर

जुनाखेळाडू, त्या प्रकरणातलं अर्धंच सांगताय. तेव्हा मी इकडे न्यू जर्सीत तोच आयफोन वापरत होतो, त्यामुळे बारकाईने वाचलं होतं.

जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ आलं. जुन्या बॅटरीचे आयफोन ६ आणि ६एस अचानक बंद पडत होते. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला अवरोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि तीस टक्के दाखवत असतानाही फोन विझतो. ते टाळायला ॲपलने प्रोसेसरचा वेग खाली आणला. तांत्रिकदृष्ट्या उपाय बरोबर होता. पण गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं नाही! लोक बिचारे फोन हळू झाला म्हणून नवे घेत राहिले, आणि खरं तर नुसती बॅटरी बदलली असती तरी चाललं असतं. डिसेंबर २०१७ मध्ये हे उघड झालं, मग ॲपलने माफी मागितली, वॉरंटीबाहेरची बॅटरी ७९ ऐवजी २९ डॉलरना बदलून दिली. भारतातही ६५०० चे २००० रुपये केले होते. पुढे २०२० मध्ये इथल्या खटल्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, आणि त्याच वर्षी फ्रान्सने अडीच कोटी युरो दंड केला.

म्हणजे दोष होता तो लपवण्याचा. अपडेट करून बॅटरी मारली, असं तिथे घडलेलं नाही.

जुनाखेळाडू

आणि इटली? ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला, तो कशासाठी? नोट ४ वर नव्या फोनसाठी बनवलेलं अपडेट चढवायला लावलं, फोन नीट चालेनात, आणि वॉरंटी संपलेल्यांकडून दुरुस्तीचे पैसे घेतले. हे तर सरकारी निकालातच आहे. मुद्दाम केलं की निष्काळजीपणे, गिऱ्हाइकाला काय फरक पडतो? खिसा त्याचाच जातो.

एडिसनकर

हा मुद्दा मान्य. फरक पडत नाही.

मी_अमृता

अलीकडचं उदाहरण पिक्सेल ४ए चं. २०२० चा फोन, त्याचे नियमित अपडेट २०२३ मध्येच थांबले होते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने अचानक एक अपडेट पाठवलं, काही फोनांच्या बॅटरीची वापरता येण्याजोगी क्षमता एकदम खाली आली. तिथे मात्र कंपनीने आधी सांगितलं होतं, आणि फुकट बॅटरी किंवा रोख ५० डॉलर किंवा नव्या फोनवर १०० डॉलरची सूट असे पर्याय दिले होते. मग जुलै २०२५ मध्ये पिक्सेल ६ए ला, चारशे चार्जिंग चक्रं (एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज वापरणं) झालेल्या फोनांना, बॅटरी तापू नये म्हणून तशीच कात्री लावली.

तेव्हा मास्तर, तुमच्या फोनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलसाठी अशी काही सूचना आहे का, ते एकदा बघाच. असेल तर बॅटरी फुकटही मिळू शकते.

सह्याद्रीचा_मास्तर

बघितलं. माझ्या मॉडेलसाठी काही नाही. अपडेटच्या माहितीत बॅटरीचा उल्लेखच नाही.

लोणचं_भाकरी

माझं मत: फॅक्टरी रीसेट. दरवेळी मोठ्या अपडेटनंतर मी तेच करतो आणि फोन नव्यासारखा पळतो. जुन्या सिस्टिमचा गाळ राहतो आत.

मी_अमृता

रीसेट सगळ्यात शेवटी, कृपया. आधी नाही. मास्तरांच्या फोनमध्ये बँकेचं ॲप, यूपीआय, शाळेच्या ॲपांचे लॉगिन, व्हॉट्सॲपवर सगळे पालक. सिम तपासणी, एसएमएसने पडताळणी, पुन्हा यूपीआय पिन, हे सगळं जिथे रेंज येते-जाते अशा गावात बसून करायचं? आणि एवढं करून कारण वेगळंच निघालं तर सगळा खटाटोप वाया.

त्याआधी करून बघण्यासारखं: सेफ मोडमध्ये फोन एक दिवस चालवा. सेफ मोडमध्ये आपण टाकलेली ॲपं बंद राहतात. त्यातही बॅटरी तशीच उतरली तर दोष ॲपांचा नाही. काही फोनांत रिकव्हरीतून (फोन सुरू होण्याआधी उघडणाऱ्या दुरुस्तीच्या यादीतून) कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइली, पुसायची सोय असते, त्याने तुमचा डेटा जात नाही. पण शब्द नीट वाचून बटण दाबा, त्याच यादीत खाली 'सगळा डेटा पुसा' असतं.

लोणचं_भाकरी

व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतला की झालं की. एवढं घाबरण्यासारखं काही नाही.

विदर्भकन्या

माझ्या भावाने रीसेट केला, बॅकअप होता तरी दोन टप्प्यांच्या पडताळणीचं ॲप गेलं आणि ऑफिसचं मेल उघडेना. अमृताला पूर्ण अनुमोदन.

रानभूल

जुन्या आवृत्तीवर परत जाण्याबद्दल: सोडून द्या. बहुतेक कंपन्या तो मार्ग देत नाहीत. बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप) उघडून जायचं म्हटलं तर फोन पूर्ण पुसला जातो, आणि नंतर बँकांची ॲपं फोन असुरक्षित म्हणून उघडतच नाहीत. काही फोनांत जुनी आवृत्ती चढू नये अशी सोयच असते, जबरदस्ती केली की फोनची वीट होते, म्हणजे तो सुरूच होत नाही. शिवाय नव्या आवृत्तीबरोबर सुरक्षेची ठिगळं येतात, यूपीआय वापरणाऱ्याने ती सोडू नयेत.

चिंचगुळ

आमच्या वेळी बरं होतं. मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी काढायची, सदऱ्याला पुसायची, परत घालायची. निम्मे आजार तिथेच बरे. दुसरी भरलेली बॅटरी पाकिटात. भारनियमनाच्या काळात आमच्या सोलापुरात चौकाचौकात ती खेकड्यासारखी दिसणारी चार्जरं मिळायची, बॅटरी पकडून चार्ज करणारी.

जुनाखेळाडू

नोकियाची बीएल-५सी बॅटरी! २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं होतं की मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांमध्ये तापण्याचा धोका आहे, बदलून घ्या. बॅटरीच्या मागचा क्रमांक लोक एकमेकांना वाचून दाखवत होते, आठवतंय?

चिंचगुळ

आठवतंय ना. ऑफिसात सगळ्यांचे फोन उघडे पडले होते टेबलावर.

नीलमोहर

अवांतर पण आनंदाचं: युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून फोनची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे असा नियम येतोय, काही अपवाद सोडून. आणि २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनांना आणखी एक नियम लागलाय. ८०० चक्रांनंतरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल आलं, पण असा बंधनकारक नियम हवाच. फोन हे आता कामाचं हत्यार आहे, मास्तरांचंच बघा.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

मी फोन दुरुस्तीच करतो, म्हणून लिहितो. अपडेटनंतर बॅटरी गेली म्हणून रोज गिऱ्हाइकं येतात. त्यातल्या काहींची बॅटरी खरंच गेलेली असते, पण ती अपडेटने नाही. ती आधीच थकलेली असते, नव्या सिस्टिमने थोडा जास्त भार टाकला की उघडी पडते.

बॅटरी गेल्याची खूण वेगळी असते. टक्के उड्या मारतात, म्हणजे चाळीसवरून एकदम बावीस. वीस टक्क्यांवर कॅमेरा उघडला की फोन बंद, चार्जरला लावला की पुन्हा अठरा दाखवतो. किंवा स्क्रीनची कड वर आलेली, मागचं झाकण फुगलेलं. फुगलेली दिसली तर त्या क्षणापासून चार्जिंग बंद करा. टोचायची नाही, दाबायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, दुकानात नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

मास्तर, तुमचे टक्के उड्या मारतात की सरळ उतरतात? हे आधी सांगा.

आणि एक. बॅटरी पूर्ण शून्य करून मग शंभर करायची, असं कोणी सांगेल. ते निकेल-कॅडमियमच्या जमान्यातलं. लिथियमला शून्यावर नेणं त्रासाचं असतं. वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, चार्जिंगला लावून उशीखाली घालू नका. उष्णता हा तिचा खरा वैरी.

विदर्भकन्या

डॅशबोर्डबद्दल शंभर टक्के. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात फोन स्वतःच सांगतो, मला थंड होऊ द्या. मीही त्याला तेच सांगते.

सह्याद्रीचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. दुरुस्तीवाले भाऊ, टक्के उड्या मारत नाहीत. एकसारखे, नेमाने उतरतात. फुगवटा नाही, पाठ सपाट आहे, काचेवर ठेवून बघितली.

सेफ मोडमध्ये काल शाळेत चालवला. फार फरक नाही.

रानभूल

म्हणजे ॲपं सुटली. सर, सेटिंगमध्ये बॅटरी वापराच्या पानावर जा. तिथे ॲपांची यादी आधी दिसते, पण वर 'सिस्टिमनुसार पाहा' असा पर्याय असतो. तो निवडला की स्क्रीन, कॅमेरा, वायफाय, मोबाइल नेटवर्क असे वेगळे आकडे येतात. सगळ्यात वर काय आहे?

गोंयकार_मानस

रानभूलने बरोबर विचारलं. आणि मास्तर, नव्या आवृत्तीने चालू केलेल्या गोष्टीही बघा. माझ्या फोनला अपडेटनंतर स्क्रीनचा १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं) आपोआप चालू झाला होता आणि झोपलेल्या स्क्रीनवर घड्याळ कायम दिसायला लागलं होतं. दोन्ही बंद केल्यावर संध्याकाळ निघायला लागली. मी फोंड्याला असतो, रेंज चांगली, तिथे तेवढं पुरलं.

सह्याद्रीचा_मास्तर

पहिला मोबाइल नेटवर्क. स्क्रीनच्याही वर. हे असं असतं का?

टॉवरवाला

आतापर्यंत वाचत होतो, आता लिहितो. मी दूरसंचार क्षेत्रात काम करतो, टॉवरची उभारणी आणि तपासणी.

सर, एकच प्रश्न. शनिवार-रविवार तुम्ही कुठे असता, आणि तेव्हा बॅटरी किती टिकते?

सह्याद्रीचा_मास्तर

शनिवारी दुपारी पुण्यात घरी येतो, सोमवारी पहाटे परत. गेल्या रविवारी... थांबा, रविवारी फोन रात्रीपर्यंत चालला होता. दिवसभर क्रिकेट बघूनसुद्धा. हे लक्षातच आलं नव्हतं.

टॉवरवाला

मग तुमची बॅटरी आणि तुमची ॲपं दोन्ही बऱ्यापैकी निर्दोष आहेत. फोन रेंजच्या मागे धावतोय.

फोन आणि टॉवर सतत बोलत असतात. टॉवर जवळ असला की फोन हळू आवाजात बोलतो, लांब असला की त्याला ओरडावं लागतं. ४जी फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅटने प्रक्षेपण करतो, पण तेवढं बाहेर फेकायला आतला ॲम्प्लिफायर त्याच्या कितीतरी पट वीज खातो आणि तापतो. म्हणून फोन हातात न घेताही तुमचा खिसा कोमट. आणि सिग्नल पूर्ण गेला की फोन गप्प बसत नाही, एकेक बँड (लहरींचा पट्टा) पुन्हा पुन्हा चाचपत राहतो.

आता अपडेटचा संबंध. मोठ्या अपडेटनंतर 'पसंतीचं नेटवर्क' कधीकधी मूळ जागी जातं, म्हणजे ५जी ऑटो. तुमच्या खोऱ्यात ५जीचा सिग्नल लांबून, एखाद्या खिंडीतून, काठावर येत असणार. फोन तो पकडतो, सोडतो, ४जीवर उतरतो, पुन्हा ५जी शोधतो. एअरटेलचं ५जी बहुतेक ठिकाणी ४जीच्या आधारावर चालतं, त्यामुळे फोनला दोन्ही रेडिओ एकदम जागे ठेवावे लागतात. जिओचं ५जी स्वतंत्र आहे, पण काठावरच्या सिग्नलला तोही इलाज नाही.

हे बघा आणि इथे लिहा: सेटिंगमध्ये फोनविषयी, तिथे सिमची स्थिती, सिग्नलची ताकद. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. उणे ८५ च्या आसपास म्हणजे छान. उणे ११० म्हणजे कठीण. उणे १२० म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन सिम असतील तर दोन्हींचं बघा. शाळेतून बघा, घरातून नाही.

अभय_ठाणे

हे उत्तर जपून ठेवतोय. लोकलने कर्जतच्या पुढे गेलं की माझी बॅटरी का पळते, ते आज कळलं.

जुनाखेळाडू

टॉवरवाला, उत्तम लिहिलंत. पण अपडेटने माणसाचं सेटिंग न विचारता बदललं असेल, तर तो कंपनीचाच दोष ना?

टॉवरवाला

हो. माणसाने विचार करून निवडलेला पर्याय अपडेटने बदलू नये, आणि बदलला तर तसं सांगावं. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने.

सह्याद्रीचा_मास्तर

आज शाळेतून आकडे घेतले. पहिलं सिम, ज्यावर सगळं काम चालतं: वर्गात उणे ११४, व्हरांड्यात उणे १०८, ध्वजस्तंभापाशी उणे ९९. दुसरं सिम पुण्यात घेतलेलं, बँकेचे ओटीपी त्यावर येतात म्हणून ठेवलंय. त्याला शाळेत 'सेवा नाही'. दिवसभर सेवा नाही.

पसंतीचं नेटवर्क ५जी ऑटो होतं. पूर्वी माझ्या मुलीने ४जी करून दिलं होतं, तिला फोन करून विचारलं, ती म्हणाली हो बाबा, मीच केलं होतं.

आता पहिलं सिम ४जीवर आणलं. दुसरं सिम शाळेच्या वेळात सेटिंगमधूनच बंद ठेवायचं ठरवलंय, ओटीपी लागेल तेव्हा पुण्यात चालू करीन. फोन वर्गातल्या लोखंडी कपाटावर असायचा, तो व्हरांड्याच्या खिडकीत ठेवायला लागलो. बघू उद्या.

टॉवरवाला

खिडकीचं फार चांगलं केलंत, उणे ११४ वरून उणे १०८, हा सहा डीबीचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद चौपट. लोखंडी कपाट आणि पत्र्याचं छप्पर हे दोन्ही सिग्नलचे शत्रू.

एक सावधगिरी. कोणी सांगेल २जीवर टाका, बॅटरी अजून वाचेल. पहिलं सिम जिओचं असेल तर तसं करू नका, त्यांचं २जी-३जी नाहीच, फोन मुका होईल. आणि शाळेत किंवा ग्रामपंचायतीत वायफाय मिळत असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. विमान मोड टाकून फक्त वायफाय सुरू केलं की फोन टॉवर शोधत नाही आणि कॉल मात्र येतात. डोंगरात याहून मोठी बचत नाही. एसएमएसचं मात्र एकदा तपासून घ्या, ते सगळीकडे सारखं चालत नाही.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

वा. मास्तर, तरी तीन वर्षांच्या बॅटरीचं वय विसरू नका. काही फोनांत सेटिंगमध्येच फोनविषयीच्या पानावर चक्रांची संख्या मिळते. नसेल तर सेवा केंद्रात विचारा. आयफोनवाल्यांसाठी: आयफोन १४ पर्यंतच्या बॅटरीला ८० टक्के क्षमता ५०० चक्रांपर्यंत धरलीय, १५ पासून १००० चक्रांपर्यंत. त्याखाली गेली की बदलावी.

बदलायची तर खरी बॅटरी घ्या. स्वस्तातल्या बॅटरीवर एमएएचचा आकडा मोठा छापलेला असतो आणि आत माल कमी. भारतीय मानकाचा आयएस १६०४६ हा क्रमांक आणि नोंदणी छापलेली आहे का बघा, नसेल तर हात लावू नका. आणि फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचं सील पहिल्यासारखं राहत नाही. पावसाळ्यात तुमच्या भागात हे महत्त्वाचं.

लोणचं_भाकरी

बरं झालं रीसेट नाही मारलात. नेटवर्क पुन्हा ५जी ऑटोवरच आलं असतं.

मी_अमृता

:) बरोबर.

सह्याद्रीचा_मास्तर

मंडळी, खबर द्यायला आलो.

शाळा सुटताना बासष्ट टक्के होते. रात्री दहाला एकवीस. पूर्वीपेक्षा जरा कमी, पण दिवस निघाला, पॉवर बँक बाईंकडेच राहिली. बॅटरीच्या पानावर मोबाइल नेटवर्क आता स्क्रीनच्या खाली गेलंय. खिसाही गार.

तो थोडा राहिलेला फरक मला वाटतं वयाचा असेल. चक्रं बघितली, माझ्या फोनमध्ये दिसतात, ६४०. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात कंपनीच्या सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेतो. फोन बदलणार नाही, बाकी सगळा चांगला चालतोय.

वायफायबद्दल ग्रामसेवकांशी बोललो. पंचायतीत जोडणी आहे, शाळा शंभर पावलांवर. वायर ओढून द्यायला तयार आहेत, पावसाने उघडीप दिली की.

विदर्भकन्या

मस्त! वायर आली की मुलांनाही उपयोग होईल.

जुनाखेळाडू

सर, त्या सेटिंग बदलल्याबद्दल कंपनीला लेखी कळवा, तुमच्यासारखे हजारो असतील. उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फुकट आहे.

सह्याद्रीचा_मास्तर

आजच मेल लिहितो. आमच्या केंद्रातल्या बाकी शिक्षकांनाही सांगितलंय, त्यातल्या दोघांची तीच तक्रार निघाली.

नीलमोहर

टॉवरवाला, आमच्या गावी, गुहागरजवळ, आईकडे वायफाय आहे पण रेंज अगदी नाममात्र. वायफाय कॉलिंगचा पर्याय तिच्या फोनमध्ये कुठे असतो? तिला फोनवरून सांगायचंय.

टॉवरवाला

सेटिंग, नेटवर्क किंवा कनेक्शन, त्यात सिम, त्यात खाली 'वायफाय कॉलिंग'. सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत तोच शब्द लिहायला सांगा. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगळं चालू करावं लागतं. चालू झालं की वर सिग्नलच्या खुणेशेजारी वायफाय कॉलचं चिन्ह येईल. नाही आलं तर फोन एकदा बंद करून चालू करायला सांगा. तरीही नाही आलं तर सिम कोणत्या कंपनीचं आहे ते इथे लिहा, मी बघतो.

नीलमोहर

आलं चिन्ह! तिथूनच फोन केला तिने, आवाज स्वच्छ.